अण्णांच्या फोनवरची ‘सोपी स्क्रीन’ : एक स्टार

अण्णा सेलूला एकटेच असतात, म्हणून त्यांच्या फोनवर हे ‘सोपी स्क्रीन’वालं ॲप टाकलं. मोठी सहा चित्रं, बाकी सगळं झाकलेलं. पण फोनचं हिरवं चित्र गेलं आणि त्या जागी घंटा आली. व्हॉट्सॲप तर म्हणे ‘बैठकीच्या खोलीत’! चार दिवस अण्णांनी फोनला हातच लावला नाही.

मायक्रोसॉफ्टनं १९९५ ला ‘बॉब’ नावाचा प्रोग्राम काढला, तोही असाच. कॉम्प्युटरवर घराच्या खोल्या, मदतीला रोव्हर नावाचा कुत्रा. पुढच्याच वर्षी बंद पडला.

अण्णांना ते हिरवं चित्र पाठ होतं हो, नेमकं तेच काढून घेतलं. शेवटी ॲप काढलं, अक्षरं तेवढी मोठी केली. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, “मोंढ्यात सोयाबीन वाढलं बघ.”