अळीच्या पावडरीत युरिया निघाला

शहादा-तळोद्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांनो, विशेषतः गावरान अंड्यांचा धंदा करणाऱ्यांनो, हे नीट वाचा. ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या माशीच्या अळ्यांची, कोंबडीच्या खाद्यात घालायची पावडर म्हणून आमच्या भागात जो माल खपवला गेला, त्यात युरिया होता.

विक्रेता बाहेरचा, बोलायला गोड. “नाना, सोयाबीन पेंडीपेक्षा स्वस्त, आणि प्रोटीन 56 टक्के. रावेर-यावलच्या केळीच्या कचऱ्यावर वाढवलेली अळी आहे, तेलसुद्धा काढलेलं नाही.” सोबत लॅबचा रिपोर्ट. रिपोर्ट खरा होता, आणि खरी मेख तिथंच आहे. लॅब क्रूड प्रोटीन काढते म्हणजे मालातला नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. तो नायट्रोजन अळीचा की खताचा, हे त्या आकड्यात दिसत नाही. युरियात 46 टक्के नायट्रोजन. शंभर किलो मालात साडेतीन किलो युरिया मिसळला की कागदावर 10 टक्के प्रोटीन वाढतं. सरकारी अनुदानामुळे 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणजे शेतकऱ्याच्या नावाचं अनुदान शेतकऱ्यालाच फसवायला वापरलं.

गाय-म्हैस थोडा युरिया पचवते, कारण तिच्या पोटातले जंतू त्यापासून प्रोटीन तयार करतात. कोंबडीला ते पोट नाही. आमची अंडी घटली, शेडमधला भुसा सतत ओला राहू लागला, पक्षी एकमेकांची पिसं ओढू लागले. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: “मे महिना आहे नाना, ऊन बाधलं.” खान्देशात पारा 44-45 वर गेला की अंडी घटतातच, त्यामुळे ते खरंही वाटायचं. पाऊस पडून गारवा आला तरी अंडी वाढेनात, तेव्हा मी नमुना दुसऱ्या लॅबला दिला आणि युरियाची तपासणी वेगळी मागितली.

अळी वाईट नाही, हे मी ठासून सांगतो. चांगली अळी कोंबडीला मानवते. पण तेल न काढलेल्या सुक्या अळीत प्रोटीन साधारण 40 टक्के आणि चरबी 30 च्या आसपास असते. तेल काढलं की प्रोटीन 50 च्या वर जाऊ शकतं. तेलही आहे आणि प्रोटीनही 56, असं कुणी म्हटलं तर संशय घ्या. तेल न काढलेली खरी पावडर कागदावर दाबली की तेलाचा डाग उमटतो. आमच्या पावडरीचा कागद कोरडाच राहिला.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. कच्चं सोयाबीन दळा. भाजलेलं किंवा पेंड चालणार नाही, कारण युरियाचा अमोनिया करणारं त्यातलं एन्झाइम उष्णतेनं मरतं. मूठभर पावडर, चमचाभर ते पीठ आणि कोमट पाणी बरणीत घालून झाकण घट्ट लावा. दुसऱ्या बरणीत नुसतं पीठ आणि पाणी ठेवा. अर्ध्या तासानं दोन्ही उघडा. पावडरीच्या बरणीतून नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर तो माल खाऊ घालू नका.

विक्रेत्याचा फोन आता बंद आहे. मी पोलिसांत तक्रार दिली आहे. तुमच्याकडे असा माल असेल तर एक गोणी न फोडता ठेवा, लेबल आणि बिल जपा. आमच्याकडच्या काहींनी रागाच्या भरात गोण्या उकिरड्यावर टाकल्या, आता त्यांच्याकडे दाखवायला काही उरलं नाही.