सात वर्षांच्या वाचणाऱ्या मुलीसाठी मासिक: ‘किशोर’ आणि ‘चकमक’

माझी लेक पाच वर्षांची असताना दुकानांच्या पाट्या वाचायला लागली आणि सहाव्या वर्षी गोष्टींची पुस्तकं सलग. तेव्हापासून मिरजेत आमच्या घरी येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, "हुशार आहे पोरगी, तिला मोठ्या मुलांचं काहीतरी द्या." तेच ऐकून आम्ही पहिली वर्गणी भरली ती एका इंग्रजी मासिकाची. गुळगुळीत कागद, पानोपानी चौकटीतली माहिती, वर्गणीसोबत पाण्याची बाटली भेट. लेक पंधरा मिनिटांत अंक संपवायची आणि जेवताना आकडे म्हणून दाखवायची. सगळ्यात उंच काय, सगळ्यात लांब काय. आम्हाला कौतुक वाटायचं. पण एकदा वाचून झालेला अंक तिने पुन्हा उघडलेला मी कधी पाहिला नाही. वर्षात चार अंक पोहोचलेच नाहीत, आणि फोन केला की उत्तर ठरलेलं: "आम्ही पाठवलाय, पोस्टात विचारा."

मग शेजारच्या ताईने तिच्या तेरा वर्षांच्या मुलाचे जुने अंक दिले. त्यातली वडील गेल्यावर शेत सांभाळणाऱ्या मुलाची गोष्ट लेकीने न अडखळता वाचली. त्या रात्री आणि पुढच्या रात्री ती बाबांचा हात धरून झोपली. वाचता येणं आणि पेलणं यांत किती अंतर असतं ते मला तेव्हा कळलं. हुशार असली तरी ती सातच वर्षांची होती.

आता दीड वर्ष आमच्याकडे दोन मासिकं येतात, आणि दोन्हींबद्दल मी मनापासून सांगू शकते.

पहिलं ‘किशोर’. आपली पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या बालभारतीचं हे मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. मी स्वतः पाचवीत शाळेच्या ग्रंथालयात वाचलेलं. ते साधारण आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असतं, त्यामुळे सुरुवातीला निम्मा अंक तिचा आणि निम्मा माझा अशी वाटणी झाली. कविता, कोडी, छोट्या गोष्टी ती वाचणार, लांब कथा रात्री मी वाचून दाखवणार. हीच वाटणी मला आवडली. जे आज जड जातं ते सहा महिन्यांनी ती आपणहून काढून वाचते, म्हणून मी एकही अंक रद्दीत देत नाही. आणि एक मोठी गोष्ट पुष्कळ पालकांना माहीत नसते: ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. मी माझ्या जन्माच्या महिन्याचा, १९८४ चा अंक शोधून तिला दाखवला. "आई, तू बाळ होतीस तेव्हा हे कोण वाचत होतं?" असं तिने विचारलं. त्यातली चार पानं आम्ही झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली, ती अजून तिच्या दप्तरात आहेत.

दुसरं ‘चकमक’, भोपाळच्या एकलव्य संस्थेचं हिंदी मासिक. १९८५ पासून निघतंय. मराठी घरात हिंदी मासिक कशाला, असं सासूबाईंनी विचारलं होतं. माझं उत्तर सोपं होतं: लिपी तीच आहे, पोरीला अक्षरं येतात, मग अख्खी भाषा जवळजवळ फुकट मिळते. पण पुढे जे झालं ते माझ्याही मनात नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी लेक अंक घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, यात ळ नाहीच." मी म्हटलं, नीट बघ. ती पेन्सिल घेऊन बसली. दोन अख्खे अंक ओळीवर ओळ तपासले, एकही ळ सापडला नाही. मग तिची वही सुरू झाली. डाव्या बाजूला आपला शब्द, उजव्या बाजूला त्यांचा: फळ, फल. कमळ, कमल. काळा, काला. बाळ लिहून समोर बाल लिहिलं आणि अडली, कारण अंकात ‘बाल’ म्हणजे केस होते. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण हे कळल्यावर तर ती धावत आजीला सांगायला गेली. असलं काही शिकवायचं कुणी ठरवलं नव्हतं.

‘चकमक’मध्ये ‘माथापच्ची’ नावाचं कोड्यांचं सदर असतं. त्यातलं एखादं कोडं आमच्याकडे नाश्त्याच्या ताटापाशी तीन-तीन दिवस चालतं, आणि उत्तराचं पान उघडायला ती मला मनाई करते. ‘मेरा पन्ना’मध्ये मुलांनी लिहिलेलं, मुलांनी काढलेलं छापतात. तिथली चित्रं बघून तिने पहिल्यांदा घरातला खरा मिक्सर काढला, वायरीसकट. त्याआधी ती फक्त डोंगर, सूर्य आणि झोपडी काढायची.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मराठी ‘चंपक’ नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला छान, आम्ही ते ग्रंथालयातून आणतो. इंग्रजी वाचन सुरू करायचं असेल तर अनंत पै यांनी १९८० मध्ये सुरू केलेलं ‘टिंकल’ बघा, चित्रांमुळे अर्थ लागत जातो. मूल अजून लहान असेल तर मराठीत ‘चिकूपिकू’ आहे.

वर्गणी भरण्याआधी एक सुटा अंक आणा. पहिल्या दिवशी सगळीच मुलं आवडलं म्हणतात. आठवड्याने तो अंक घरात कुठे सापडतो ते बघा. आमच्याकडे ते इंग्रजी मासिक टीव्हीखालच्या कप्प्यात सापडायचं, ‘चकमक’ उशीखाली. भेटवस्तू बघून वर्गणी भरू नका. पत्ता लिहिताना पिनकोड नीट लिहा, पोस्टमनकाकांचा फोन नंबर घेऊन ठेवा, आणि अंक महिन्याच्या शेवटापर्यंत आला नाही तर लगेच कळवा. वर्षअखेरीस कळवून काही होत नाही, हे मी अनुभवावरून सांगते.

आणि नाव मुलाचंच घाला. आम्ही पहिल्या वर्षी बाबांच्या नावाने भरली होती. आता लेबलवर तिचं नाव असतं. पोस्टमनकाका फाटकातून तिचं पूर्ण नाव, आडनावासकट, घेऊन हाक मारतात, आणि ती हातातलं सगळं टाकून चप्पल न घालता पळते. यंदाचा फॉर्म तिने स्वतः भरला. ‘मिरज’ लिहून झाल्यावर मला विचारलं, "आपल्या जिल्ह्याच्या नावात ळ नाही ना?" सांगली म्हटल्यावर खुशीत पुढे लिहायला लागली.