बजेट एनव्हीएमई एसएसडी, २०२० चा असेंबल्ड पीसी आणि एक स्क्रू : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी वापरायची, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) चांगली आहे, पैसे वसूल. तरीपण पाचपैकी तीनच स्टार देतोय आणि उरलेले दोन एका स्क्रूने खाल्लेत. हसायचं त्यांनी हसून घ्या.

मशीन घरीच जोडलेलं. रायझन ३ ३२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, ग्राफिक कार्ड नाही. सोसायटीचे हिशोब, मुलीचा अभ्यास आणि मेव्हण्याच्या लग्नाचे व्हिडिओ, एवढंच काम. गेल्या वर्षभरात इतकं रखडायला लागलं की बटण दाबून चहा टाकावा, पिऊन कप विसळून ठेवावा, तरी स्क्रीनवर ते गोल फिरतंच आहे. वाशीचा डीलर म्हणाला, "साहेब, प्रोसेसर जुना झाला, नवीन सेट घ्या," आणि चाळीस हजारांचं कोटेशन हातात. घरी येऊन विंडोजचा टास्क मॅनेजर (कशावर किती ताण आहे ते दाखवणारा) उघडला तर प्रोसेसर १५ टक्क्यांवर निवांत आणि डिस्क १०० टक्के. मग प्रोसेसर कशाला बदलू? हार्ड डिस्क एक मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला १००-१५० एमबी आरामात देते, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून उचलाव्या लागतात, तिथे तिचं हेड नुसतं धावत राहतं आणि स्पीड एक-दोन एमबीवर येतो. रखडण्याचं मूळ तिथे होतं.

म्हणून ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी) घेतली. डीलर जेन ४ (जास्त वेगाची, पुढच्या पिढीची) गळ्यात मारत होता, पण ही एसएसडी ज्या पीसीआयई जोडणीवर चालते तिच्या तिसऱ्या पिढीच्या पुढे ३२००जी जातच नाही, म्हणजे बॉक्सवर सेकंदाला ५००० एमबी लिहिलेलं असो की ७०००, आपल्याला मिळणार जास्तीत जास्त ३५०० च्या आसपास. मी जेन ३ वाली, त्यातली स्वस्त, डीरॅम (एसएसडीची स्वतःची छोटी मेमरी) नसलेली घेतली. क्लोनिंगच्या (जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवायच्या) भानगडीत न पडता विंडोज नव्याने टाकलं. फरक काय सांगू, बायको म्हणाली नवीन कॉम्प्युटर आणलास आणि किंमत लपवतोयस.

लगोलग ८ जीबीची दुसरी रॅमपण टाकली, आणि यावर लोक फार कमी बोलतात. या प्रोसेसरचं ग्राफिक रॅममधूनच जागा खातं, माझ्याकडे ८ पैकी २ जीबी तिकडे जायचे, विंडोजला उरायचे सहाच्या आतबाहेर. शिवाय एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, दुसरी लावली की रस्ता दुप्पट रुंद होतो आणि बिनकार्डाच्या मशीनला तो फरक डोळ्यांनी दिसतो. जुनी रॅम २६६६ स्पीडची, नवी ३२०० ची, दोन्ही २६६६ वरच चालतात, चालू दे. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडवर चालवायचा पर्याय, चालू आहे का ते बघा, ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या ३२०० च्या रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगतायत आणि त्यांना पत्ताच नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे भडकले ते बघता मी आधीच उरकलं याचा आनंद मला स्पीडपेक्षा जास्त आहे, खरं सांगायचं तर.

पहिला परिच्छेद सोडला तर इथपर्यंतचं सगळं एप्रिलमध्ये लिहून ठेवलेलं, पाच स्टारसकट. पुढचं मेनंतरचं.

बोर्डावरच्या एम डॉट टू नावाच्या स्लॉटमध्ये एसएसडी तिरकी घुसवायची, मग दाबून आडवी करायची आणि टोकाला बारीक स्क्रू मारायचा. तो नसेल तर ती स्प्रिंगसारखी परत वर येते. हा स्क्रू आणि त्याच्या खालचा पितळी स्टँडऑफ (एसएसडीला टेकू देणारा छोटा खुंटा) बोर्डाच्या बॉक्समध्ये यायला हवा. माळ्यावरून बॉक्स काढला, साटा केबल, मागची पत्र्याची पट्टी, सीडी (सीडी! कोण लावतं आता), आणि स्क्रूची पुडीच नाही. एसएसडीच्या डबीतपण नाही. डीलरला फोन केला तर "टेप मारा ना साहेब, सगळे मारतात." त्याच्याच माणसाने येऊन काळी इलेक्ट्रिकची टेप मारून दिली आणि हे काम पक्कं असल्याचं सांगून गेला.

ऐरोलीतला मे महिना, वर कॅबिनेटमध्ये पंख्याखाली धूळ. टेपचा गोंद पातळ होऊन सरकला, ड्राइव्हचं टोक पाव इंच वर, आणि ऑडिटरला ताळेबंद द्यायच्या आदल्या रात्री स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस सापडत नाही'. मला वाटलं एसएसडी गेली. झाकण काढल्यावर बघतो तर ती तिरकी उभी आणि तिच्या कडेला काळा चिकट गोंद, नखाने निघेना, कापसाला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून काढला.

बोर्डाच्या सर्व्हिस सेंटरला फोन. "वॉरंटी संपली आहे सर." म्हटलं मला बोर्ड नकोय, स्क्रू हवाय, पैसे देतो. "ॲक्सेसरी वेगळी मिळत नाही सर, बोर्ड जमा करून जॉबशीट करावी लागेल." म्हणजे स्क्रूसाठी अख्खा पीसी उचकटून बोर्ड तुमच्या काउंटरवर आणू? शेवटी ठाणे स्टेशनजवळच्या लॅपटॉप रिपेअरवाल्याने डबीतून एम २ साइजचा स्क्रू आणि भंगार बोर्डाचा स्टँडऑफ काढून दिला. वीस रुपये. वर म्हणाला, "काका, स्टँडऑफ न लावता नुसता स्क्रू आवळू नका, एसएसडी वाकते." एवढं एक वाक्य कोणी कंपनीवाल्याने सांगितलं असतं तर!

बाकी तक्रार एकच आणि ती डीरॅम नसलेल्या सगळ्याच स्वस्त क्यूएलसी (स्वस्तातल्या, लिहायला हळू चिपच्या) ड्राइव्हची. मोठा व्हिडिओ त्याच ड्राइव्हवर कॉपी केला की सुरुवातीला सेकंदाला हजार एमबीच्या वर पळते आणि कॅशे (आधी लिहायची वेगवान जागा) भरली की शंभराच्या खाली, हार्ड डिस्कपेक्षा हळू. जुन्या डिस्कवरून कॉपी करताना हे फारसं कळत नाही कारण ती आधीच रखडत असते. ड्राइव्ह गच्च भरू देऊ नका, मी शंभरेक जीबी मोकळी ठेवतो, मग त्रास कमी.

झाकण उघडलंच होतं तर प्रोसेसरचा कूलरपण साफ केला, त्याच्याखाली नवी थर्मल पेस्ट लावली, प्रोसेसरचं नव्वदच्या वर जाणारं तापमान सत्तरीत आलं. कूलर काढताना मात्र आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करा आणि स्क्रू सोडल्यावर हलकेच फिरवून सुटा करा, या सॉकेटमधून सरळ ओढला तर प्रोसेसर पिनांसकट उपटून हातात येतो.

या बोर्डावर ५६००जी हा पुढचा प्रोसेसर बसतो, पण आधी बायोस अपडेट करावा लागेल आणि ते चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणजे आधी यूपीएस घ्यावा लागणार. कोणाची बॅटरी तीन वर्षं टिकली असेल तर मॉडेल आणि भाव टाका, डीलरला विचारायची इच्छा उरलेली नाही.