अक्षरं मोजून शब्द पाठ करावेत की मुळं धरून?

पाच अक्षरी, मध्ये ‘आय’, शेवटी ‘टी’. अशा अटी लावून इंग्रजी शब्दांच्या याद्या उतरवून काढायचा नाद मला बरीच वर्षं आहे. त्यामुळे कुणी विचारलं, की अशी यादी पाठ करू की शब्दांची मुळं धरून शिकू, तर मी आधी एवढंच विचारतो: शब्द हवेत कशाला?

स्क्रॅबलसाठी, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द जुळवायच्या खेळासाठी, हवे असतील तर यादीच घ्या, दुसरा विचार नको. तिथे १०० टाइल्स असतात. त्यांत ‘क्यू’ एकच, १० गुणांचा, आणि ‘यू’ फक्त चार. ‘यू’ मिळाला नाही की ‘क्यू’ हातात अडकतो, आणि डाव संपताना तोच अंगावर येतो, कारण उरलेल्या टाइलचे गुण वजा होतात. अशा वेळी ‘क्यू-आय’ हा दोन अक्षरांचा शब्द किंवा ‘एफ-ए-क्यू-आय-आर’ असा लिहिलेला ‘फकीर’ माहीत असेल तर तुम्ही सुटता. पण सुरुवात ‘क्यू’पासून करू नका. आधी दोन अक्षरी शब्द घोटा. ते शंभरावर आहेत आणि रोजच्या खेळात सर्वांत जास्त तेच कामाला येतात: त्यांच्या जोरावर आधीच्या शब्दाला अगदी चिकटून समांतर शब्द लावता येतो आणि आडवे-उभे दोन्हीकडचे गुण मिळतात. सात अक्षरी शब्द त्यानंतर. सातही टाइल्स एकदम लावल्या की ५० गुण जास्तीचे मिळतात हे खरं, पण ती संधी डावात एखाद-दोनदाच येते.

यादीची ताकद किती, हे न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं दाखवून दिलं. २०१५ मध्ये तो फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं! मला हा पराक्रम थक्क करतो. यादीची मर्यादाही त्यातच दिसते: शब्द हजारोंनी पाठ झाले, भाषा आली नाही.

वर्डलसाठी, म्हणजे लपलेला शब्द ओळखायच्या ऑनलाइन खेळासाठी, मात्र मी यादी पाठ करू नका असंच सांगेन. पाच अक्षरं, सहा प्रयत्न. खेळ स्वीकारतो ते शब्द हजारोंनी असले तरी उत्तरं बहुतेक ओळखीच्या शब्दांतलीच असतात. तिथे हवी असते ती शेवटांची ओळख. समजा, ‘आय-जी-एच-टी’ ही शेवटची चार अक्षरं हिरवी झाली, म्हणजे आपापल्या जागी बरोबर ठरली. आता एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट असे आठ ओळखीचे शब्द समोर उभे राहतात आणि प्रयत्न उरलेत तीन. एकेक करून पाहिलंत तर बहुधा हराल. त्याऐवजी ‘फिल्म्स’ टाका. ‘एफ’, ‘एल’, ‘एम’, ‘एस’ चारही एका फटक्यात तपासून होतात. खेळाच्या ‘हार्ड मोड’ या अवघड प्रकारात ही युक्ती चालत नाही, कारण हिरवी झालेली अक्षरं तिथे जागची हलवता येत नाहीत.

परीक्षेसाठी किंवा वाचन-लेखनासाठी शब्द हवे असतील तर माझा कौल मुळांना. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणं, हे लॅटिन मूळ एकदा कळलं की इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, रेट्रोस्पेक्ट हे तिन्ही उलगडतात. अक्षरं मोजाल तर ते सात, नऊ आणि दहा अशा तीन वेगळ्या याद्यांत जाऊन पडतात आणि त्यांचं नातं कधी दिसतच नाही. उलट अडॅप्ट, अडेप्ट, अडॉप्ट हे पाच अक्षरी तिघं एकाखाली एक येतात, फरक फक्त मधल्या अक्षराचा. मी ते एकाच दिवशी पाठ केले होते. पुढे कितीतरी दिवस ‘जुळवून घेणं’ कुठलं आणि ‘दत्तक घेणं’ कुठलं हे लिहिताना हात थबकायचा.

स्पेलिंगच्या बाबतीत मात्र अक्षरांची यादी मुळांपेक्षा सरस ठरते. क्वायट आणि क्वाइट, एंजल आणि अँगल, ट्रायल आणि ट्रेल: प्रत्येक जोडीत तीच पाच अक्षरं, फक्त क्रम बदललेला. स्पेलचेक इथे काही करत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात. अशा जोड्या मी समोरासमोर लिहितो आणि दोन्ही शब्द येतील असं एकच वाक्य बनवतो. या चुका सुटायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

आणि खेळही हवा, भाषाही हवी, असं असेल तर? मग यादीनं गट काढा आणि शब्दकोशानं तो भरा. ‘ट्रायँगल’ची आठ अक्षरं फिरवली की इंटिग्रल, रिलेटिंग, ऑल्टरिंग, अलर्टिंग हे चार शब्द मिळतात. आता प्रत्येकाचं मूळ पाहा. ‘ट्राय’ म्हणजे तीन. ‘इंटिग्रल’मागे पूर्ण या अर्थाचा ‘इंटिजर’. ‘ऑल्टर’मागे दुसरा या अर्थाचा लॅटिन शब्द, ज्यातून ‘ऑल्टरनेट’ही आला. माझ्या वहीत असे गट पानाला एक या हिशेबानं आहेत: डावीकडे अक्षरं, उजवीकडे मुळं.