खाऊ देऊन शिकवणं : भिंगरीसोबतचे आठ महिने

आठ महिने झाले. रोज सकाळी सहाला स्टीलची छोटी डबी भरायची, आईचा जुना पान-सुपारीचा बटवा कमरेला बांधायचा, त्यात डबी ठेवायची आणि भिंगरीला घेऊन कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जायचं. सुरुवातीला मला स्वतःलाच खात्री नव्हती. आता कुणी विचारलं की खाऊ देऊन कुत्रं खरंच शिकतं का, तर मी हो म्हणतो. पण खाऊ कधी द्यायचा हे आधी आपल्याला शिकावं लागतं, आणि माझे पहिले दोन महिने त्यातच गेले.

भिंगरी गावठी आहे. जूनच्या पावसात फुलेवाडी रस्त्यालगत एका गॅरेजमागे सापडली, तेव्हा चार-पाच महिन्यांची असेल. माणूस जवळ आला की पोट जमिनीला टेकवून बसायची. पहिल्या महिन्यात शिकवायला एक जण घरी आले होते. त्यांची पद्धत साखळीला झटका देण्याची. दुसऱ्या झटक्याला ती जागेवरच मुतली आणि नंतर दोन दिवस माझ्याकडेही आली नाही. त्यांना परत बोलावलं नाही. ते दोन दिवस मला अजून आठवतात. खाऊचा रस्ता मी धरला तो त्या दिवसांमुळे.

‘बस’ शिकवायला अर्धा तास पुरला. चिकनचा तुकडा नाकासमोर धरून हात हळूच डोक्यावरून मागे नेला की मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकतं. मी खूश झालो आणि तिथेच चुकलो. तीन आठवडे मी तुकडा हातात धरूनच ‘बस’ म्हणत राहिलो. परिणाम असा की भिंगरी आधी हाताकडे बघायची. हात रिकामा असेल तर उभीच राहायची.

आबांनी हे पाहिलं आणि म्हणाले, “लाच देतोस व्हय रं तिला?” मी वाद घातला, तेव्हा त्यांनी त्यांच्या तालमीतली गोष्ट सांगितली. वस्ताद थंडाईचं भांडं आधी कधी पुढं करत नसत. आधी जोर-बैठका, लढती, मग थंडाई. पण मेहनत झाली की थंडाई मिळणारच, हे प्रत्येक पोराला ठाऊक असायचं. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्या दिवसापासून डबी फडताळात गेली. रिकाम्या हाताने खूण करायची, ती बसली की लगेच एक शब्द उच्चारायचा आणि मग डबीकडे वळायचं. चार दिवसांत तिचं हाताकडे बघणं थांबलं.

तो ‘एक शब्द’ फार महत्त्वाचा. काम झालं त्याच क्षणाला, फार तर सेकंदभरात, कुत्र्याला कळावं लागतं की बरोबर काय झालं. डबी उघडेपर्यंत ती उठून उभी राहिली असेल, तर खाऊ उठण्याचा मिळाला असंच तिला वाटणार. शब्द मधलं अंतर भरून काढतो. मी आधी ‘हां’ निवडला होता. पण फोनवर बोलताना मी सारखा ‘हां, हां’ करतो आणि ती प्रत्येक वेळी धावत यायची, खाऊ न मिळाल्याने हिरमुसायची. पंधरा दिवसांत त्या शब्दाची किंमत गेली. मग ‘बेस’ घेतला आणि घरात सगळ्यांना बजावलं की हा शब्द एरवी वापरायचा नाही. शब्दाला अर्थ येण्यासाठी आधी नुसतं ‘बेस’ म्हणून तुकडा, ‘बेस’ म्हणून तुकडा, असं वीस-पंचवीस वेळा केलं. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, आणि त्याच प्रयोगांत त्यांच्या लक्षात आलं होतं की अन्न समोर येण्याआधीच, अन्न आणणारा माणूस दिसला तरी कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. आमच्याकडे डबीच्या झाकणाचा आवाज झाला की हेच होतं.

खरी परीक्षा फाटकाबाहेर होती. घरात चिकनसाठी उड्या मारणारी भिंगरी रस्त्यावर तेच चिकन तोंडात घेऊन खाली टाकून द्यायची. मला वाटलं हट्ट करते, किंवा पोट भरलंय. म्हणून एकदा सकाळचं जेवण न देता नेलं. तरी खाल्लं नाही. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं की घाबरलेल्या शरीराला भूक लागत नाही, आणि खाऊ नाकारणं हीच आपल्यासाठी खूण आहे : आपण तिला भीतीच्या फार जवळ आणलंय. उपाशी ठेवून यात काही फरक पडत नाही, उलट जीव कासावीस होतो. मला याचं फार वाईट वाटलं.

मग पद्धत उलटी केली. शालिनी पॅलेसच्या बाजूला रस्त्यापासून बरंच आत एका कट्ट्यावर बसायचं, जिथून केएमटीची, म्हणजे शहर वाहतुकीची बस दिसते पण अंगावर येत नाही. काहीही करून घ्यायचं नाही. ‘बस’ नाही, ‘थांब’ नाही. बस दिसली की चिकन सुरू, बस गेली की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा : बस आधी, चिकन नंतर. उलटं केलं तर कुत्रं चिकनलाच घाबरायला लागतं, कारण चिकन आलं म्हणजे आता ते आवाजाचं धूड येणार. तिने तुकडा घेतला तर जागा बरोबर. नाही घेतला तर आणखी दहा पावलं मागे. पावसात छत्री धरून बसलोय, चिखलात बसलोय. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत त्या कट्ट्यापासून रस्त्यापर्यंत आम्ही जेमतेम चाळीस पावलं पुढे आलो. आज मागून बुलेट धडधडत आली की ती कान टवकारते आणि वळून माझ्या तोंडाकडे बघते. ही नजर मला तिच्या ‘बस’पेक्षा, ‘शेकहँड’पेक्षा कितीतरी मोलाची वाटते. इथे खाऊ बक्षीस नव्हताच. तिच्या मनातली भीती थोडी थोडी पुसायला तो कामी आला.

काय दिलं ते सांगतो, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. घरात शिकवताना तिचंच रोजचं कोरडं खाणं किंवा फुटाणे. अंगणात पनीर. रस्त्यावर मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन. अगदी अवघड जागी कोंबडीची कलेजी, तीही आठवड्यातून दोनदाच, कारण कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि जास्त झालं तर बाधतं. तुकडा वाटाण्याएवढा, त्याहून मोठा नको. चावत बसावं लागलं की शिकण्याची लय तुटते. विकतच्या बिस्किटांचा मला फारसा उपयोग झाला नाही. मोडताना भुगा होतो आणि ती भुगा हुंगत बसते.

हिशेबही ठेवायला हवा. भिंगरी आता चौदा किलोची आहे, नसबंदी झालेली. तिला दिवसाला साधारण ८०० कॅलरी लागतात आणि खाऊचा वाटा त्यात दहा टक्क्यांच्या आत असावा असं डॉक्टर सांगतात. म्हणजे उकडलेलं चिकन जेमतेम ५० ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या पनीरमध्ये कॅलरी दीडपटीहून जास्त, शेंगदाण्यांत तर तिपटीहून जास्त. म्हणून सकाळी जे डबीत गेलं ते रात्रीच्या ताटातून कमी करतो. आमच्या शेजारच्या काकांचा लॅब्राडॉर यात फसलाय. तो काहीही, कुठेही, कितीही खातो, त्यामुळे महिनाभरात सगळं शिकला आणि तेवढ्यातच सुटलाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक छोटा भाग गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांची अन्नाची ओढ जास्त असते. तेव्हा काकांच्या कुत्र्याला हावरट म्हणणं मला पटत नाही. त्याच्यासाठी डबीत गाजर आणि काकडी ठेवा, असं मी काकांना सांगितलंय.

आणि काय देऊ नये हे कोल्हापुरात जरा जोर देऊन सांगावं लागतं. रविवारी घरात मटण शिजतं आणि आईचा जीव राहत नाही, “एक फोड दे की तिला!” पण रश्शात कांदा-लसूण मसाला असतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आई आता तिच्यासाठी मसाला घालण्याआधी दोन फोडी धुऊन बाजूला उकडते. दुसरं म्हणजे बेदाणे. सांगली-तासगाव जवळ असल्याने ते आपल्याकडे घराघरात असतात, आणि लहान मुलं प्रेमाने हातावर ठेवून कुत्र्यापुढे धरतात. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधेल याचा अंदाज बांधता येत नाही. चॉकलेट तर नकोच. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार फुटतात.

खाऊ जिथे चालला नाही तेही लिहितो. गणपतीत डीजे आला तेव्हा कलेजीसुद्धा चालली नाही. दिवाळीत फटाक्यांना तर नाहीच. त्या दिवसांत मी काही शिकवलं नाही. आतली खोली, दार बंद, पंखा आणि टीव्ही मोठा, आणि मी शेजारी बसून. फटाक्यांचं काम पुढच्या वर्षी फार आधीपासून, हळू आवाजापासून सुरू करणार आहे.

दिवाळीनंतर खाऊ कमी करायला घेतला. एकदम बंद केला तर शिकलेलं गळतं. कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या वेळी, कधी लागोपाठ दोनदा असं द्यायचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं की अधूनमधून फळ मिळणारी सवय जास्त काळ टिकते. बसणं, थांबणं, दोरी न ताणता चालणं आता बरंचसं नुसत्या ‘बेस’वर आणि मानेखाली खाजवण्यावर होतं. हाक मारल्यावर येणं मात्र मी कधीच फुकट ठेवलं नाही. जानेवारीत संध्यामठाच्या बाजूला पट्ट्याची कडी निसटली आणि ती बगळ्यांमागे सुटली. पुढे रस्ता होता. मी एकदाच ओरडलो, “भिंगरी, ये!” ती थांबली, वळली आणि जीव खाऊन माझ्याकडे धावत आली. मी खाली बसून अख्खी डबी तिच्यापुढे उलटी केली. हात थरथरत होते.

सध्या आमचं काम चौपाटीवर चाललंय. भेळेच्या गाड्यांखाली पडलेले कागद ती पटकन उचलते. ‘सोड’ म्हटल्यावर सोडलं तर त्याहून चांगलं मिळतं, एवढं तिला उमगलंय. पण संध्याकाळच्या गर्दीत दहापैकी चार वेळाच ऐकते. म्हणून आम्ही गाड्या लागायच्या आधी, साडेचारला जातो. आबाही येतात. त्यांच्या खिशात फुटाणे असतात आणि ‘बेस’ ते माझ्यापेक्षा वेळेवर म्हणतात.