'द फ्लॅश' (१९९०) : सहा डिस्क आणि जुन्या बाजारातला प्लेअर

१९९२च्या आसपास नारायण पेठेतल्या कॅसेट लायब्ररीतून दहा रुपये भाड्याने 'फ्लॅश टू : रिव्हेंज ऑफ द ट्रिकस्टर' आणली होती. विजेच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅश या सुपरहिरोचा सिनेमा समजूनच पाहिली. मध्येच गोष्टीला टाका घातल्यासारखं वाटलं, पण तेव्हा कोण एवढं बघतंय! पुढे २०१४ची नवी 'फ्लॅश' मालिका लागली. त्यात बॅरीचे, म्हणजे फ्लॅशचे, वडील झालेला जॉन वेस्ली शिप दिसला आणि मी ओरडलोच, अरे, हा तर आपला लाल सूटवाला! मग शोधाशोध केली. कळलं की आपण पाहिला तो सिनेमा नव्हताच, सीबीएस या अमेरिकन वाहिनीवरच्या १९९०च्या मालिकेचे दोन भाग जोडलेले होते.

यंदा भाच्याने न्यू जर्सीहून त्या मालिकेचा अख्खा डीव्हीडी संच आणून दिला. बावीस भाग. डीव्हीडी जगाच्या विभागांनुसार कुलूपबंद असतात : या डिस्क रीजन १च्या, आपल्याकडचं रीजन ५. घरच्या प्लेअरने तोंडात घेऊन लगेच बाहेर टाकली. तपकीर गल्लीत विचारलं तर दुकानदार म्हणे, "काका, पेनड्राइव्हवर घ्या की." शेवटी रविवारी जुन्या बाजारात सातशे रुपयांना एक बिननावाचा प्लेअर मिळाला. ट्रे बोटाने आत ढकलावा लागतो, पण त्याला सगळं पचतं.

चित्र मऊ आहे. रात्रीच्या गल्ल्या शाईत बुडालेल्या, आणि ही मालिका घडते बहुतेक रात्रीच. सोबत मुलाखत नाही, पडद्यामागचं काही नाही, हा मला कद्रूपणा वाटतो. सांगण्यासारखं कितीतरी होतं. गुरुवारी त्याच वेळेला दुसऱ्या वाहिन्यांवर 'कॉस्बी शो' आणि 'सिम्पसन्स' या गाजलेल्या मालिका, त्यात आखाती युद्धाच्या बातम्यांनी भाग मागेपुढे झाले. मे १९९१मध्ये गाशा गुंडाळला.

सुरुवातीचे बरेच भाग साध्या गुंडांचे आहेत, तिथे जांभई येते. बॅरी धावून आला की ढीगभर खातो. ते बघून आमची ही म्हणाली, "याचा डबा कोण करतं?" पण शर्ली वॉकरचं संगीत कान देऊन ऐकावं. जुन्या घाटाच्या मोटारी आणि निऑन दिव्यांचं ते शहर कुठल्याच सालातलं वाटत नाही. फोमचा तो फुगीर सूट आज हसवतो, तरी शिप त्यात चेहरा गंभीर ठेवून उभा राहतो, याचं कौतुक आहे.

आणि मार्क हॅमिलचा खलनायक ट्रिकस्टर! पुढे बॅटमॅनच्या कार्टूनमध्ये त्याने जोकरला दिलेलं हसू इथे आधीच ऐकू येतं. २०१५मध्ये नव्या मालिकेने त्यालाच पुन्हा ट्रिकस्टर केलं. जुन्या मालिकेत शास्त्रज्ञ टीना मॅकगी झालेल्या अमांडा पेजलाही तिची तीच भूमिका दिली. २०१९मध्ये तर शिपला तोच जुना फ्लॅश म्हणून आणला, त्याला वीरमरण दिलं आणि जाता जाता या मालिकेतलं जुनं दृश्य दाखवलं. एका वर्षात बंद पडलेल्या मालिकेला धाकट्यांनी इतका मान दिलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

संच घ्या, पण आधी प्लेअर बघा. कंटाळा आला तर मधले भाग सोडा, ट्रिकस्टरचे मात्र दोन्ही पाहा. परवा सहावी डिस्क लावली. शेवटचा भाग सुरू झाला, ट्रिकस्टरचा खटला, आणि पाचव्या मिनिटाला लक्षात आलं : हा शेवट मी १९९२मध्येच पाहिलाय, दहा रुपयांत.