शातो लातूर २०२१ ‘आं प्रिमर’ निघालंच नव्हतं, मी ते ५,९४० पौंडांना घेतलं

फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनमध्ये गुंतवायला जाऊन बुडालेला एकूण आकडा आधीच सांगते: १८,५१७ पौंड. पहिली पेटी ३,८४०, मग ५,९४०, मग ७,४५०, साठवण आणि विमा म्हणून ३१२, आणि वर ९७५. ते कशाचे, हे खाली येईलच. वकिलाच्या अर्ध्या तासाचे १८० यात धरलेले नाहीत. मी स्वतः हिशेब तपासणीच्या कामात आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

वाइनमध्ये पैसे गुंतवायला लावून गायब होणाऱ्या कंपन्यांबद्दल ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी काही ना काही ऐकलेलं असतंच. मीही ऐकलं होतं. म्हणूनच ‘तुला एवढंसुद्धा कळलं नाही?’ हा प्रश्न मला घरात, ऑफिसात आणि तक्रार नोंदवून घेणाऱ्या बाईकडूनही ऐकावा लागला. अहो, मला कळतं, तिथेच तर घात झाला. टेस्टिंगचा कोर्स केलाय, परीक्षा पास झालेय, बोर्दोच्या १८५५ च्या वर्गवारीतल्या पहिल्या श्रेणीचे शातो (वाइन बनवणारे मळे) झोपेतून उठवलं तरी सांगेन. मूटॉन त्यांच्यात १९७३ साली आलं, हेही सांगेन. ज्याला वाइनमधलं काहीच कळत नाही तो ‘मला काय करायचीय’ म्हणून फोन ठेवून देतो. यांना गिऱ्हाईक लागतं ते अर्धवट जाणकार.

२०२१ च्या शरदात कोर्समधल्या एका मैत्रिणीने लंडनच्या एका हॉटेलातल्या टेस्टिंगचं आमंत्रण पुढे पाठवलं. तिला दोष देत नाही, तिचेही पैसे बुडालेत. त्या संध्याकाळी ओतलेली वाइन अस्सल होती. बोर्दोतल्या मेदोक भागाची २००९ आणि २०१० शेजारी शेजारी ठेवलेली. २००९ उन्हाळी वर्षाची, मऊ आणि भरघोस, २०१० ताठ, टॅनिनचा तुरटपणा अजून दातांना धरणारा. मग नदीपलीकडची, उजव्या काठाची, मर्लो जातीच्या द्राक्षांची. बोलणाऱ्या माणसाला विषय येत होता. त्याने काहीही विकलं नाही, नुसतं ओतलं. फोन पुढच्या आठवड्यात आला, त्याच माणसाचा, त्याच्या वाइन कंपनीतून.

पहिली खरेदी मेदोकमधल्या पॉइयाकच्या एका नामांकित शातोची २०१५ ची बारा बाटल्यांची पेटी, ३,८४० पौंड, ‘इन बॉन्ड’. म्हणजे पेटी सरकारमान्य गोदामात राहणार आणि ती बाहेर काढेपर्यंत मद्यकर आणि २० टक्के व्हॅट भरावा लागणार नाही. यात काही काळंबेरं नाही, सगळा खरा व्यापार असाच चालतो. आठवडाभरात जाड कागदावर उठावाचा शिक्का असलेलं सर्टिफिकेट आलं. त्यावर पेटीचा क्रमांक, गोदामाचं नाव, फोन नंबर. मी त्या नंबरवर फोन केला. केला होता! कंपनीची सरकारी नोंदणी पाहिली, व्हॅट क्रमांक तपासला. यापेक्षा जास्त कोण काय तपासतं? हीच पेटी तेव्हा दुसरीकडे २,३०० च्या आसपास मिळत होती, हे नंतर कळलं. दोन दुकानांचे भाव लावून पाहताना सहा बाटल्यांची पेटी की बारांची, करासकट की इन बॉन्ड, यातच माणूस गोंधळतो, आणि तो गोंधळ त्यांना हवाच असतो. भाव बघायचाच तर बाराला बारा आणि बॉन्डला बॉन्ड लावून बघा.

आता तो दिवस. २०२२ चा वसंत. बोर्दोत दर वसंतात आदल्या शरदातली वाइन पिंपातच असताना व्यापारी आणि समीक्षक चाखून बघतात, मग शातो भाव जाहीर करतात, आणि नेगोसियाँ म्हणजे तिथले घाऊक व्यापारी ती पुढे आयातदारांना विकतात. याला आं प्रिमर म्हणतात. पैसे आज द्यायचे, बाटल्या साधारण दोन वर्षांनी. लबाडाला याहून सोयीचा धंदा कुठला? दोन वर्षं ‘माझी बाटली कुठेय’ असं विचारायचा अधिकारच गिऱ्हाइकाला नसतो.

फोनवरच्या त्या माणसाने मला २०२१ च्या शातो लातूरच्या (आपलं लातूर नव्हे) सहा-सहाच्या दोन पेट्या देऊ केल्या, पेटीला २,९७० पौंड. आणि मला माहीत होतं. कोर्सच्या वर्गात ऐकलं होतं, वहीत लिहून घेतलं होतं: लातूरने २०१२ साली आं प्रिमर सोडून दिलं. त्यांचं २०११ हे तसं विकलेलं शेवटचं वर्ष. तेव्हापासून वाइन पिण्याजोगी झाली असं त्यांना वाटेल तेव्हाच ते ती तळघरातून बाहेर काढतात. २०२१ चं लातूर २०२२ मध्ये पिंपातून विकत घेणं कुणालाच शक्य नव्हतं.

मी हे त्याला विचारलंसुद्धा! फोनवर स्पष्ट म्हटलं, “लातूर तर आं प्रिमर देत नाही ना?” तो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, “वा! हे माझ्या शंभरातल्या दोन ग्राहकांना माहीत असेल. जाहीरपणे देत नाहीत, बरोबर. पण जुन्या नेगोसियाँना थोडं खासगी अलोकेशन मिळतं, आणि ते आम्ही ज्यांना वाइन कळते अशांसाठीच ठेवतो.”

झालं. त्या ‘वा!’ने माझे ५,९४० पौंड गेले. शंका मी काढली, उत्तर त्याने दिलं, आणि उत्तर मिळालं म्हणून शंका मिटली असं मी धरून चालले. ऑडिटमध्ये समोरच्याचं तोंडी उत्तर मी कधीच पुरावा म्हणून घेत नाही. “नेगोसियाँचं बिल दाखवा” एवढं वाक्य पुरलं असतं. तेव्हा आईच्या आजारपणामुळे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, बँकेतल्या पैशाला व्याज जवळजवळ शून्य होतं, आणि बाकीचं सगळं तपासून झालेलं होतं. कुणीही फसलं असतं. तरीही ते ‘वा!’ रात्री कानात वाजतं.

अशा फसवणुकीत लोकांना आधी बनावट बाटल्या आठवतात. रूडी कुर्नियावानचं प्रकरण प्रसिद्ध आहे. घरी बाटल्या भरून लेबलं चिकटवायचा, २०१४ मध्ये अमेरिकेत दहा वर्षांची शिक्षा झाली. २००८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच्याकडून आलेली बर्गंडीच्या पोंसो घराण्याची क्लो सँ-दनी नावाची वाइन होती, १९४५ पासूनच्या वर्षांची. ती वाइन त्या घराण्याने बनवायला घेतली १९८० च्या दशकात! खुद्द लोराँ पोंसो लिलावाच्या जागी पोचले आणि त्या बाटल्या मागे घेतल्या गेल्या. विक्रीला नसलेलं वर्ष मलाही विकलं गेलं. फरक एवढाच की तिथे निदान बाटल्या होत्या.

तिसरी खरेदी उजव्या काठावरच्या पोमरोलची, २०१६, ‘पोर्टफोलिओ एकाच काठावर नको’ म्हणून, ७,४५० पौंड. तेव्हा त्याने नफ्यावर कर नाही असं सांगितलं, कारण पन्नास वर्षं किंवा त्याहून कमी आयुष्याची नाशवंत मालमत्ता भांडवली नफ्याच्या करातून सुटते. हाच माणूस टेस्टिंगमध्ये ही वाइन सत्तर वर्षं टिकते म्हणून सांगत होता. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून आली की उठून निघा.

२०२३ मध्ये मी पहिली पेटी विकायला काढली. आधी ‘बाजार थंड आहे’, मग ‘खरेदीदार बघतोय’, मग फोन बंद, मग कंपनी अवसायनात. गोदामाचा खरा नंबर शोधून फोन केला तर माझ्या नावाने एक बूचसुद्धा नव्हतं. सर्टिफिकेटवरचा नंबर गोदामाचा नव्हताच, त्यांच्याच माणसाचा होता.

आणि मग सुरू झाली सरकारी वारी. ऑनलाइन तक्रारीच्या फॉर्ममध्ये वाइनसाठी रकानाच नाही. ‘शेअर’ निवडू की ‘ग्राहकोपयोगी वस्तू’? वस्तू निवडली. क्रमांक मिळाला, काही महिन्यांनी पत्र मिळालं: तपासाला पुरेसे धागेदोरे नाहीत. धागेदोरे! बँक खातं दिलंय, संचालकाचं नाव दिलंय, आवाजाचं रेकॉर्डिंग दिलंय, अजून काय त्याला हाताला धरून आणून द्यायचं होतं? स्थानिक पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. गुंतवणुकीच्या नियामकाला लिहिलं, तर वाइन ही नियंत्रित गुंतवणूकच नाही, सबब ते काही करू शकत नाहीत, आणि भरपाई योजनाही लागू नाही. ग्राहक विभागाने म्हटलं, गुंतवणूक म्हणून घेतली ना, मग तुम्ही ग्राहक कशा? म्हणजे गुंतवणूकवाल्यांच्या मते मी गिऱ्हाईक, गिऱ्हाइकांच्या खात्याच्या मते मी गुंतवणूकदार, आणि पोलिसांच्या मते मी कुणीच नाही. सगळ्यांनी पत्राच्या शेवटी समाधान-सर्वेक्षणाची लिंक मात्र न चुकता दिली.

बँकेचं तर विचारूच नका. “पैसे तुम्ही स्वतः मंजूर केलेत, ॲपने इशारा दिला होता, शिवाय कंपनी खरोखरच नोंदलेली होती, तेव्हा हा व्यवहारातला वाद आहे.” आता अशा फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देणं बँकांना बंधनकारक झालंय, पण ७ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पेमेंटला. माझी त्याआधीची. क्रेडिट कार्डाने भरले असते तर १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीत कार्ड कंपनीही कायद्याने जबाबदार असते. म्हणूनच ते कार्ड घेत नव्हते. ‘सध्या मशीन बदलतोय’ म्हणाले होते. कार्ड न घेणाऱ्याकडून काहीही घेऊ नका, मग ती महागडी लाफीत वाइन असो की लिंबू सरबत.

चौदा दिवसांत करार रद्द करण्याचा हक्क? १८० पौंड घेऊन वकिलाने सांगितलं की ज्या मद्याचा भाव आधी ठरतो, पण जे तीस दिवसांनंतरच मिळू शकतं आणि ज्याची किंमत बाजारावर हलते, ते या नियमातून मुद्दाम वगळलंय. आं प्रिमर नेमकं त्यात बसतं.

अवसायक, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा हिशेब मिटवणारे, सभ्य होते. त्यांनी सांगितलं की कंपनीने घेतलेल्या मोजक्या पेट्या कुणाच्याच नावावर लावलेल्या नव्हत्या. सगळ्या कंपनीच्याच खात्यात, आणि एकेक पेटी कित्येकांना विकलेली. मी विनातारण घेणेकरी, म्हणजे रांगेच्या शेपटाला. म्हणून वर्ष कुठलं, समीक्षकांचे गुण किती, पिंपात चव कशी, हे नंतर विचारा. आधी गोदामात तुमच्या स्वतःच्या नावाने खातं उघडून मागा, आणि गोदामाकडून, विकणाऱ्याकडून नव्हे, लेखी मिळाल्याशिवाय दुसरा पौंड देऊ नका. ‘ग्राहकांची वाइन आमच्या एकत्रित खात्यात सुरक्षित असते’ म्हणणारा मला फसवणाऱ्यांपैकीच समजा.

राहिले ९७५. २०२४ मध्ये एका ‘ब्रोकर’चा फोन आला. त्याच्याकडे माझ्या पेट्यांचे क्रमांक, तारखा, रकमा सगळं होतं, म्हणून मला वाटलं तो अवसायकाच्या बाजूचा. हाँगकाँगचा खरेदीदार २४,६०० द्यायला तयार आहे, फक्त हस्तांतरणाचे ९७५ आधी भरा, नंतर परत मिळतील. भरले. बुडणाऱ्याला कुणी दोरी टाकली तर तो दोरीचा ब्रँड बघत नाही. फसलेल्यांची यादी या लोकांत विकली जाते, तेव्हा ज्याच्याकडे असं सर्टिफिकेट आहे त्याला हा फोन आज ना उद्या येणारच. पेट्यांचे क्रमांक बरोबर सांगितले म्हणून विश्वास ठेवू नका, ते त्यांच्याकडे पहिल्यापासूनच आहेत. खरा ब्रोकर विकणाऱ्याकडून आगाऊ छदामही मागत नाही. त्याचं कमिशन विक्रीच्या रकमेतून कापलं जातं.